मृताला कोणी विचारले होते?

आमच्या वसाहतीच्या सभागृहात गेल्या हिवाळ्यात त्वचादानाची माहिती देणारा एक कार्यक्रम झाला. भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या एका रुग्णालयातून आलेल्या ताई शांतपणे सांगत होत्या की, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरचा त्वचेचा अगदी पातळ थर काढून घेतला जातो, त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली ही त्वचा पाच वर्षांपर्यंत वापरता येते आणि खोल भाजलेल्या जखमेवर ती काही आठवडे पांघरुणासारखी राहून रुग्णाचा जीव वाचवू शकते. त्यांचे बोलणे संपते न संपते तोच पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. मेलेल्या माणसाचे शरीर औषधाला वापरणे ही पाश्चात्त्यांची जुनी खोड आहे, तीनशे-चारशे वर्षांपूर्वी ते इजिप्तच्या मम्म्या कुटून खात होते, आपल्या वैद्यकाने असला अमंगळपणा कधी केला नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यावर एका तरुण अभियंत्याने उत्तर दिले की, ती अंधश्रद्धा होती आणि हे विज्ञान आहे, दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही. पुढचा अर्धा तास सभागृह या दोन बाजूंत विभागले गेले, आणि त्वचादानाचे अर्ज टेबलावर तसेच पडून राहिले.

हा वाद मला अनेक ठिकाणी याच स्वरूपात ऐकू येतो, आणि दर वेळी तो चुकीच्या मुद्द्यावर लढला जातो असे माझे स्पष्ट मत आहे. एक बाजू किळसेला निकष मानते, दुसरी बाजू ‘विज्ञान’ या शब्दाला. मानवी अवशेषांपासून केलेल्या औषधांचा इतिहास नीट पाहिला तर हे दोन्ही निकष टिकत नाहीत. मृत शरीरापासून मिळणाऱ्या कोणत्याही उपचाराला दोनच प्रश्न विचारायला हवेत. तो लागू पडतो हे कोणी आणि कसे तपासले? आणि ज्याचे शरीर होते त्याला, किंवा त्याच्या माणसांना, कोणी विचारले होते का? पहिला प्रश्न वैद्यकाने उशिरा का होईना, विचारायला सुरुवात केली. दुसरा प्रश्न मात्र शतकानुशतके टाळला गेला, आणि तो टाळल्याची किंमत ज्यांनी मोजली ते जवळजवळ नेहमी गरीब, गुलाम, फाशी गेलेले किंवा जिंकलेल्या मुलखातले लोक होते.

गृहस्थांच्या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे, कारण तो लहान नाही. युरोपात मम्मी हे औषध होते, आणि ते खेड्यातल्या भगताचे नव्हते. मूळ शब्द फारसी. ‘मोम’ म्हणजे मेण, जो शब्द आपण मोमबत्तीत रोज वापरतो. इराणच्या डोंगरातून पाझरणाऱ्या काळ्या, मेणासारख्या डांबरी द्रव्याला ‘मूमिया’ म्हणत आणि अरब वैद्य ते जखमा व मोडलेली हाडे यांवर देत. इजिप्तमधल्या जुन्या प्रेतांच्या पोकळ्यांत भरलेली राळ दिसायला तशीच काळी होती. इ. स. १२००च्या सुमारास इजिप्तमध्ये राहिलेल्या अब्दुल लतीफ अल्-बगदादी या वैद्याने लिहून ठेवले आहे की, अशा द्रव्याने भरलेली तीन डोकी त्याने अर्ध्या दिरहमला विकत घेतली, आणि खनिज मूमिया मिळाली नाही तर हे द्रव्य चालून जाईल. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा शब्दाची घसरण पुढे सरकली. डोंगरातले डांबर आधी प्रेतातली राळ झाले, मग राळ मुरलेले मांस झाले, आणि अखेर प्रेत म्हणजेच औषध असा अर्थ रूढ झाला. सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस रेवाचिनीत मिसळलेली मम्मीची पूड स्वतःजवळ बाळगत असे, असे सांगितले जाते. लंडनच्या वैद्यमंडळाने १६१८ साली आपली पहिली अधिकृत औषधसूची छापली, तिच्यात मम्मी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही जर्मनीतल्या मेर्क या प्रतिष्ठित औषध कंपनीच्या दरपत्रकात अस्सल इजिप्शियन मम्मी विक्रीला होती.

आणि हे लोक अडाणी होते का? इथे तरुण अभियंत्याचे उत्तर अपुरे पडते. प्रयोगाधिष्ठित विज्ञानाचा पुरस्कर्ता म्हणून आपण ज्याचे नाव घेतो तो फ्रान्सिस बेकन रक्तस्राव थांबवण्याचा मम्मीचा गुण नोंदवतो. आधुनिक रसायनशास्त्राच्या आरंभी ज्याचे नाव येते तो रॉबर्ट बॉइल माणसाच्या कवटीवर उगवलेल्या शेवाळाने नाकातले रक्त थांबल्याचा स्वतःचा अनुभव सांगतो. रॉयल सोसायटीचा सभासद जोनाथन गॉडर्ड कवटीपासून ऊर्ध्वपातनाने थेंब तयार करीत असे. ती कृती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने ६,००० पौंडांना विकत घेतली असे म्हणतात, आणि फेब्रुवारी १६८५मध्ये तो मरणशय्येवर असताना वैद्यांनी त्यालाही कवटीचा अर्क पाजला. राजा वाचला नाही. मुद्दा असा की, हा उपचार त्या काळच्या ‘विज्ञाना’च्या बाहेर नव्हता, त्याच्या मध्यावर होता. त्याला सिद्धान्त होता. माणूस अकाली, निरोगी अवस्थेत मेला तर त्याच्यातली जीवनशक्ती खर्च न होता देहात उरते आणि ती रुग्णाला देता येते, असे सोळाव्या शतकातला स्विस वैद्य पॅरासेल्सस याच्या परंपरेतले वैद्य मानत. त्या परंपरेतल्या ओसवाल्ड क्रोलने १६०९ साली छापलेली कृती वाचताना अंगावर काटा येतो तो तिच्यातल्या नेमकेपणामुळे. चोवीस वर्षांचा, तांबूस केसांचा, देहावर व्यंग नसलेला, फाशी गेलेला माणूस घ्यावा. एक दिवस आणि एक रात्र मोकळ्या हवेत, चांदण्यात ठेवावा. मांसाचे तुकडे करून त्यांवर हिराबोळ आणि कोरफडीची पूड भुरभुरावी. मग मद्यार्कात मुरवून सावलीत सुकवावे. वय, रंग, वेळ, प्रमाण, सारे काही लिहिलेले आहे. त्या तरुणाचे नाव मात्र कोठेच नाही, कारण कृतीला त्याची गरज नव्हती.

‘त्या काळी हे असेच चालायचे, आजच्या कल्पना त्यांच्यावर लादू नका,’ असे या टप्प्यावर म्हटले जाते, आणि हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. संमतीचा कायदेशीर विचार आधुनिक आहे हे खरेच. सोळाव्या शतकातल्या औषधविक्याला विसाव्या शतकातल्या अर्जावर सही का घेतली नाहीस असे विचारणे निरर्थक ठरेल. पण त्या काळातल्या कोणालाही यात काही खटकत नव्हते, हे मात्र खरे नाही. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोआझ पारे याने १५८२ साली मम्मीच्या विरोधात लिहिताना एक हकिकत दिली आहे. नवारच्या राजाचा वैद्य गी द ला फाँतेन १५६४ साली अलेक्झांड्रियात मम्म्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्याने त्याला तीस-चाळीस प्रेते दाखवली आणि मोकळेपणाने सांगितले की, ही फारोंच्या काळातली नसून गेल्या चार वर्षांत आपणच तयार केलेली आहेत. त्यांत गुलाम होते, इतर मृतही होते, आणि ते कोणत्या रोगाने मेले याची त्याने चौकशीही केली नव्हती. उलट इतक्या चोखंदळ जिभेचे ख्रिस्ती लोक मेलेल्यांची शरीरे कशी खातात, याचेच त्याला नवल वाटत होते. स्वतः पारेने लिहिले की, आपण हे औषध शंभर वेळा देऊन पाहिले, त्याने गुण आला नाही, उलट पोटात कळा, ओकाऱ्या आणि तोंडाला दुर्गंधी एवढेच पदरी पडले. म्हणजे माझे दोन्ही प्रश्न, हे लागू पडते का आणि हे कोणाचे शरीर आहे, १५८२ सालीच एका माणसाने एकाच लेखनात छापून ठेवले होते. ते त्या काळाच्या आवाक्याबाहेर नव्हते. ऐकायचे नव्हते म्हणून ऐकले गेले नाहीत.

आणि मृताची माणसे? त्यांनाही सर्व कळत होते. अठराव्या शतकात लंडनच्या टायबर्न येथे फाशी झाली की, प्रेत शल्यवैद्यांच्या हाती जाऊ नये म्हणून मृताचे नातेवाईक आणि सोबती फाशीच्या खांबाखाली हातघाईवर येत. पार्लमेंटने १७५२ साली खुन्यांची प्रेते चिरफाडीसाठी देण्याचा कायदा केला तो शिक्षा अधिक भयंकर व्हावी म्हणून, हे उघडपणे सांगून. ज्या समाजाला चिरफाड ही फाशीहूनही मोठी शिक्षा वाटत होती, त्या समाजाला मृताच्या इच्छेची कल्पनाच नव्हती असे कोण म्हणेल? पुढे १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून त्यांची प्रेते डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचनेच्या वर्गाला विकल्याचे उघड झाले, तेव्हा सरकारने १८३२ साली नवा कायदा आणला. त्याने प्रेतांची चोरी थांबली, पण ती कशी? दरिद्रालयात मरणाऱ्या बेवारस गरिबांची प्रेते वैद्यकीय शाळांना देऊन. ऐंशी वर्षांपूर्वी जी खुनाची शिक्षा होती ती आता गरिबीची झाली.

‘आपल्याकडे हे नव्हते’ या दाव्याकडे आता वळतो. आपल्या अभिजात आयुर्वेदात प्रेतांचा औषधी व्यापार दिसत नाही, हे मान्य. सुश्रुताने मानवी मूत्र विषनाशक म्हटले आहे, पण त्याची आणि मम्मीची बरोबरी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. शरीररचना समजण्यासाठी प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, कुजल्यावर थर थर घासून पाहावे, असे सांगणाराही तोच सुश्रुत आहे, आणि ती परंपरा पुढे लोप पावली ही आपली हानी. पण आपल्याकडे प्रेत औषधात आले नाही याचे कारण मृताच्या संमतीची काळजी होती काय? मला तसे दिसत नाही. कारण विटाळ हे होते. ज्या विटाळाने वैद्याला प्रेतापासून दूर ठेवले त्याच विटाळाने प्रेताचे काम ठरावीक जातींच्या माथी मारले आणि त्यांना गावकुसाबाहेर ठेवले. आणि मृत गरिबाचे रक्षण तर त्याने मुळीच केले नाही. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवायला ठेवलेले मानवी सांगाडे कित्येक दशके प्रामुख्याने भारतातून, त्यातही कोलकात्याच्या परिसरातून जात होते. त्या सांगाड्यांची निर्यात भारत सरकारने १९८५ साली बंद केली. ज्यांच्या घरच्यांना पुरेशी लाकडे विकत घेता येत नव्हती अशांची ती हाडे होती. त्यांनाही कोणी विचारले नव्हते. आपले वैद्यक शुद्ध होते म्हणून आपला मृत गरीब सुरक्षित होता, असे म्हणण्याची सोय यानंतर उरत नाही.

मुंबईच्या इतिहासात या सगळ्याशी जोडलेला एक प्रसंग आहे, आणि तो वादात कोणीच आणत नाही याचे मला वाईट वाटते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात ‘मोमियाई’ची दहशत पसरलेली होती. शब्द तोच, फारसी मूमिया. शिलाजितासारख्या खनिज द्रव्यालाही तो लावला जाई, पण लोकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ भयंकर होता. गोरे साहेब माणसाला, विशेषतः मुलाला, पकडून नेतात, मंद आगीवर उलटे टांगतात आणि त्याच्या डोक्यातून जे तेल ठिबकते ती मोमियाई. तिने कोणतीही जखम भरते. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि रुग्णांना घरातून उचलून रुग्णालयात नेले जाऊ लागले, तेव्हा रुग्णालयात नेमके हेच चालते ही अफवा शहरात फिरू लागली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. राज्यकर्त्यांना यात केवळ अडाणीपणा दिसला.

मोमियाईची अफवा खोटी होती. आर्थर रोडवर कोणाचेही तेल काढले जात नव्हते, आणि अशा अफवांनी उपचारच नाकारले जातात हे नुकसान आपण साथीच्या काळात अनेकदा भोगले आहे. पण ती हास्यास्पद होती काय? ज्या देशातून ते अधिकारी आले होते, त्या देशाच्या राजधानीतल्या औषधसूचीत माणसाचे मांस आणि कवटी ही औषधे होती. गिरणी कामगाराला ते ठाऊक नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की, शिपाई आणि सोल्जर घरात शिरतात, जिवंत माणसाला नेतात, मेलेल्याचे प्रेत उघडे करून तपासतात, आणि घरच्यांना कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या वर्षी पुण्यात रँडच्या कारभारात हेच अधिक कठोरपणे घडले आणि २२ जून १८९७च्या रात्री काय झाले ते प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. अफवेतली वस्तुस्थिती खोटी होती, तिच्यातली तक्रार खरी होती. आमचे शरीर आमचे राहिले नाही, ही ती तक्रार.

हाच दुटप्पीपणा अटलांटिकच्या पलीकडे आणखी मोठ्या प्रमाणावर झाला. स्पेनच्या राणी इसाबेलाने १५०३ साली फर्मान काढले की, कॅरिबियन बेटांवरचे जे लोक नरभक्षक असतील आणि शरण येणार नाहीत, त्यांना पकडून गुलाम म्हणून विकता येईल. साहजिकच, ज्यांना पकडायचे होते ते सारे नरभक्षक ठरू लागले. याच काळात युरोपच्या औषधांच्या दुकानांत माणसाची चरबी, रक्त आणि मांस वजनावर मिळत होते. फ्रेंच निबंधकार माँतेन याने १५८० साली आपल्या वाचकांना आठवण करून दिली की, आपले वैद्य माणसाचे मांस हर प्रकारे वापरायला कचरत नाहीत. जर्मन मुलखात फाशी देणारा जल्लाद चरबी विकून वरकमाई करी, आणि शिरच्छेद झालेल्याचे ताजे रक्त फेफऱ्याच्या रुग्णांना पाजण्याची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. डेन्मार्कचा कथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन याने विद्यार्थिदशेत, १८२५ साली, एका वधस्थळी आईबापांनी आपल्या आजारी मुलाला असे रक्त पाजताना पाहिल्याचे लिहिले आहे. त्या आईबापांविषयी मला राग येत नाही. रोमन लेखक सेल्सस याने ग्लॅडिएटरचे गरम रक्त पिणाऱ्या रुग्णांबद्दल म्हटले होते की, त्याहूनही दीनवाणा आजार असल्यामुळेच हा दीनवाणा उपाय सहन केला जातो. अठराशे वर्षांनीही आजार तसाच होता आणि उपायही.

तरीही अभियंत्याच्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा अजून शिल्लक आहे, आणि तो असा: मम्मी लागू पडत नव्हती, त्वचा आणि नेत्रपटल लागू पडतात; तपासून सिद्ध झालेल्या उपचाराला या जुन्या इतिहासाशी जोडणेच अन्यायाचे आहे. लागू पडणे महत्त्वाचे आहे, हे मी कोठेही नाकारत नाही. पण ते पुरेसे आहे का? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. तिच्यातले वाढीचे संप्रेरक ज्या मुलांना पुरेसे नसते ती खुजी राहतात. १९५८ साली अमेरिकेत मॉरिस रेबेन यांनी मृतांच्या ग्रंथींतून काढलेले संप्रेरक एका मुलाला देऊन त्याची उंची वाढल्याचे दाखवले. औषध खरेच लागू पडत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुमारे ७,७०० जणांना आणि ब्रिटनमध्ये सुमारे १,८५० जणांना ते मिळाले. त्यासाठी शवागारांतून ग्रंथी हव्या होत्या, हजारोंनी, कारण एका मुलाच्या उपचाराला अनेक मृतांच्या ग्रंथी लागत. ब्रिटनमध्ये आणि फ्रान्समध्ये त्या गोळा करणाऱ्या शवागारातल्या कर्मचाऱ्यांना दर ग्रंथीमागे किरकोळ पैसे मिळत आणि मृताच्या घरी बहुतेक वेळा कोणालाही कळत नसे. कळवायचे कशाला? एवढीशी ग्रंथी, तीही मेलेल्याची, आणि तिच्यामुळे एक मूल वाढणार.

याचा शेवट १९८५ साली झाला. लहानपणी हे इंजेक्शन घेतलेले तरुण क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य आजाराने मरू लागले. हजारो ग्रंथी एकत्र करून अर्क काढला जाई, त्यामुळे एका रोगी मृताची ग्रंथी पुरी खेप दूषित करू शकत होती, आणि रोगाची लक्षणे दिसायला दशके लागत. एकट्या फ्रान्समध्ये शंभराहून अधिक जण दगावले. अलेक्झांड्रियातल्या त्या व्यापाऱ्याने काय सांगितले होते? ही माणसे कशाने मेली याची मी चौकशी केली नाही. चारशे वर्षांनी, निर्जंतुक खोल्यांत, पदवीधरांच्या देखरेखीखाली, तीच चौकशी राहून गेली. संमती घेतली असती तर हा रोग टळला असता असा सोपा दावा मी करणार नाही. त्याचे कारण त्या वेळी कोणालाच धड कळले नव्हते. पण घरच्यांशी बोलणे म्हणजे मृत कोण होता, त्याला काय झाले होते, शेवटच्या महिन्यांत तो कसा वागत होता, हे विचारणेही असते. जिथे माणूस हा केवळ ग्रंथीचा स्रोत मानला जातो, तिथे हा संवाद व्हायला जागाच उरत नाही. म्हणून माझे दोन प्रश्न मला एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

मृताला वेदना नसतात, जिवंताला उपयोग होतो, मग बेवारस शरीर वाया का घालवायचे, असा सवाल यावर उरतोच, आणि तो वैद्यकीय शिक्षण जवळून पाहिलेल्या लोकांकडून येतो म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. आपल्या राज्यात १९४९चा मुंबई शरीररचनाशास्त्र कायदा बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद करतो. त्यावर शिकलेल्या डॉक्टरांनी आपले जीव वाचवले आहेत, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण ‘बेवारस’ कोण ठरतो? ज्याचे नातेवाईक गावी आहेत आणि ज्यांच्यापर्यंत निरोप पोहोचला नाही तो. ज्याच्या खिशात ओळखपत्र नव्हते तो. रुग्णालयाचे बिल भागवता येणार नाही या भीतीने ज्याची माणसे निघून गेली तो. मृताला काही वाटत नाही हे खरे, पण पुढच्या खाटेवरचा जिवंत रुग्ण पाहत असतो. आपल्यामागे कोणी नसले तर आपले काय होईल हे त्याला समजते, आणि टायबर्नच्या जमावापासून आर्थर रोडच्या जमावापर्यंत सर्वांना जे समजले होते तेच ते आहे.

दधीचीची कथा आपण देहदानाच्या प्रत्येक पत्रकावर छापतो. तिच्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. वृत्राला मारण्यासाठी हाडे हवी होती आणि इंद्राकडे देवांचा राजा म्हणून सर्व सामर्थ्य होते, तरी देव ऋषीच्या आश्रमात गेले आणि त्यांनी मागितले. दधीचीने होकार दिल्यावरच ती हाडे घेतली गेली. मागितल्यावर नाही म्हणण्याची मोकळीक असते, म्हणूनच त्या होकाराला दान म्हणता येते. आपला कायदाही हेच मानतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४चा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, आणि २०११च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत ऊतीही आल्या. या कायद्याच्या मुळाशी संमती आहे. अतिदक्षता विभागाच्या बाहेर, रडून थकलेल्या घरच्यांपुढे कागद ठेवला जातो तेव्हा ती संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न रास्त आहे. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: ही गोष्ट त्या दाराबाहेर प्रथम निघू नये, जेवणाच्या ताटावर, धडधाकट असताना निघावी.

कार्यक्रमानंतर काही दिवसांनी मी त्या ताईंच्या परवानगीने त्यांची त्वचापेढी पाहायला गेलो. शीतपेटीत काचेच्या बरण्या रांगेने होत्या. ग्लिसरॉलमध्ये पांढुरके पट्टे दिसत होते, ओल्या मलमलीसारखे पातळ, कडेला किंचित दुमडलेले. मला किळस येईल असे वाटले होते. ती आली नाही, पण बोलावेसेही वाटले नाही. लहानपणी बडोद्याच्या संग्रहालयात पाहिलेली मम्मी मला आठवली. तिच्यापुढे आम्ही मुले गलका करीत उभे होतो आणि ती कोणाची असेल हे कोणी विचारले नव्हते. या बरण्यांवरही नाव नव्हते, फक्त क्रमांक आणि तारीख. नाव का नाही असे विचारले तेव्हा ताईंनी कपाटाकडे बोट दाखवले. प्रत्येक क्रमांकासमोर एक फाइल होती. तिच्यात चाचण्यांचे अहवाल होते आणि त्यांच्यावर संमतीपत्र, खाली मुलाची, पत्नीची किंवा भावाची सही. एका पत्रावर सहीच्या जागी अंगठा होता आणि बाजूला कोणीतरी पेनने लिहिले होते, ‘वाचून दाखवले.’